चीफ ब्रेड वाकवून बघायचे

चीफ ब्रेड आधी खायचे नाहीत, वाकवून बघायचे. स्लाइस दोन्ही हातांत धरायची, हळूहळू तिची कमान करायची आणि मोडली की तुकडे समोरच्याला परत द्यायचे. आमची ओळखच अशी झाली. इथे परदेशात, पुंगोल या उपनगरात, आमच्या ब्लॉकखालच्या बाकावर मी माझ्या लेकीला, सईला, ग्लुटेन-फ्री म्हणजे बिनगव्हाचा ब्रेड भरवत होते आणि ती तोंड फिरवत होती. नवव्या मजल्यावरचे हे सत्तरीचे गृहस्थ मी फक्त लिफ्टमध्ये पाहिले होते. ते न विचारता शेजारी बसले, पाकिटातली स्लाइस काढली, वाकवली. ती मधोमध तुटली. "हा कुणी केलाय? सिव्हिल इंजिनियरने?" असं म्हणून त्यांनी दोन्ही तुकडे माझ्या हातावर ठेवले. पहिल्या मिनिटातच हा माणूस माझ्या डोक्यात गेला.

सारी हयात जहाजांवर काढून ते चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते, म्हणून ब्लॉकमधली मराठी मंडळी त्यांना चीफच म्हणायची. बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आले होते. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, आणि चीफ दिवसभर दुसऱ्यांच्या भानगडीत. कुणाची सायकल उलटी करून चेन बघ, कुणाच्या नळाचा वॉशर बदल, आणि काम करता करता मालकाची अक्कल काढ. मी वन-नॉर्थच्या ऑफिसात वीस माणसांची टीम सांभाळत होते. मला अशा लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या माणसांचा तिटकारा होता.

पण माझं दुखणं वेगळं होतं. पाच वर्षांच्या सईला सीलिएक निघाला होता. गव्हाचा कण पोटात गेला तरी आतड्याला इजा. दीड वर्षात तिचं वजन वाढलं नव्हतं, फ्रॉक तेच होत होते. घरी ती भाकरी खायची, घावन खायची. पण शाळेत सगळ्यांच्या डब्यात त्रिकोणी सँडविच, आणि हिच्या भाकरीला कुणीतरी 'स्मेली' म्हणालं. त्या दिवसापासून डबा जसाच्या तसा परत, आणि शाळेत उचललेल्या इथल्या इंग्रजीत हट्ट. "डोन्ट वॉन्ट भाकरी ला. वॉन्ट नॉर्मल ब्रेड."

नॉर्मल ब्रेड. या शहरात मिळणारा एकूण एक ग्लुटेन-फ्री ब्रेड मी घरी आणला. एक ओठाला लागताच भुगा व्हायचा, एक चावून चावून जबडा दुखायचा, एकाला शिळ्या अंड्याचा वास. पाकिटांवर मात्र हसणारी मुलं. फोटो काढून झाला आणि आता हा खावा लागणार नाही, म्हणून हसत असणार. आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर विचारलं, तर एकीचं उत्तर आलं, "थोडा खाल्ला साधा ब्रेड तर काय होतंय?" दुसरीचं, "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं." उचलली जीभ लावली टाळ्याला. मी ग्रुप सोडला.

चीफ मात्र सुटेनात. मी पिशवी घेऊन आले की खाली बसलेलेच. प्रत्येक ब्रेडला त्यांनी नाव दिलं होतं. एक थर्मोकोल, एक पुठ्ठा, आणि सगळ्यांत वाईट तो 'गॅस्केट'. गॅस्केट म्हणजे जहाजावर पाइपांच्या सांध्यात गळू नये म्हणून बसवतात ती चकती, हेही त्यांनीच सांगितलं. "ती निदान गळती थांबवते. हा काय करतो?" एकदा मी ऑफिसातून वैतागून आले होते. म्हटलं, "चीफ, उंटावरून शेळ्या हाकू नका. एवढं कळतं तर करून दाखवा." "भांडी नवी लागतील," ते म्हणाले.

त्यांनी नवी भांडी आणली, आणि प्रत्येकाला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली. पातेल्याला टेप, चमच्याला टेप, चाळणीला टेप. जहाजावर प्रत्येक पाइपला आतल्या पदार्थाप्रमाणे रंगाचा पट्टा असतो, म्हणजे अंधारातही तेलाच्या जागी पाणी जात नाही. लाल पट्टा म्हणजे गव्हाने शिवायचं नाही. "कागदी फुलांचं दुकान काढलंत का?" असं मी कुत्सितपणे विचारलं. तांदळाचं पीठ, बटाट्याचा स्टार्च आणि, हसू नका, इसबगोल. पीठ धरून ठेवायला काहीतरी चिकट हवं, आणि आमच्या पिढीला त्याहून चिकट काय माहीत असणार, असं त्यांचं म्हणणं. सुनेला महिनाभर ओव्हनला हात लावू दिला नाही. पहिले सहा ब्रेड त्यांनी स्वतःच वाकवले, मोडले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या.

सातवा वाकला आणि परत सरळ झाला. तो सईला द्यायची माझी घाई, तर म्हणाले, "थांब. पोरं ब्रेड खात नाहीत, त्रिकोण खातात." कडा कापल्या, त्रिकोण केले, चीज घातलं आणि तिच्यासमोर बसून स्वतःच खायला लागले. तिला विचारलंच नाही. दुसरा त्रिकोण संपत आला तसा सईने हात पुढे केला. चावली, थांबली, परत चावली. "कॅन," ती म्हणाली. म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत, चालेल. दुसऱ्या दिवशी डबा रिकामा आला. मी तो सिंकपाशी उभी राहून तीनदा उघडून पाहिला.

तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला. आकडे उतरायला हवे होते, ते जागचे हलले नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, कुठूनतरी गहू जातोय. बाहेरचं काय खाते? बाहेरचं ती एकच गोष्ट खात होती. मी तशीच नवव्या मजल्यावर गेले. त्यांच्या ओट्यावर सुनेने पोळ्यांची कणीक मळून ठेवली होती. मला तेवढंच दिसलं. मी म्हणाले, "तुमचा वेळ जावा म्हणून माझ्या मुलीच्या पोटावर प्रयोग नकोत. टेप गुंडाळून कुणी शहाणं होत नाही." घरी येऊन मी त्यांचा ब्रेड कचऱ्यात टाकला. सईचा डबा परत भरलेला येऊ लागला.

चौथ्या दिवशी सकाळी ते दारात उभे. हातात बॅटरी आणि भिंग. "गळती जिथे दिसते तिथे नसते, मागे मागे जावं लागतं. तुझं स्वयंपाकघर बघू दे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण नवऱ्याने त्यांना आत घेतलं. दीड तास ते एकेक डबा काढून त्यावरची बारीक अक्षरं वाचत होते. शेवटी फोडणीच्या डब्यामागून हिंगाची डबी काढली. आईने पुण्याहून पाठवलेली, आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारी. त्यांनी ती भिंगाखाली धरली आणि मला वाचायला दिली. घटक: गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. म्हणजे मी लेकीला रोज वरणातून, आमटीतून, घावनाबरोबरच्या चटणीतून स्वतःच्या हाताने गहू वाढत होते. हिंग म्हणजे चिमूटभर वास, त्याच्या डबीवर काय लिहिलंय हे कुठली मराठी बाई वाचते? काखेत कळसा, आणि मी वळसा घालून नवव्या मजल्यावर भांडायला गेले होते.

मी वाट बघत होते. ब्रेडची एक स्लाइस मोडली तर ज्यांनी माझा पानउतारा केला, ते आता काय काय बोलतील. आणि बोलायलाच हवं होतं. चीफ भिंग खिशात टाकत म्हणाले, "आमच्याकडेही हाच आहे. मलाही आजच कळलं." आणि गेले.

माफी मागायची राहिली. उद्या मागू, रविवारी मागू. तेवढ्यात त्यांच्या मुलाची नोकरी सिडनीला गेली आणि चीफ म्हणाले, मी आता अलिबागला. निघायच्या दिवशी मी स्वतः भाजलेला ब्रेड घेऊन वर गेले. त्यांनी स्लाइस काढली, वाकवली. ती तुटली. तुकडे त्यांनी मला परत दिले नाहीत, दोन्ही खाल्ले. "चांगला आहे," म्हणाले. त्यांच्या तोंडून एखाद्या ब्रेडला चांगलं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. परक्या माणसाशी बोलावं तसे ते माझ्याशी बोलले होते. लाल टेपची सगळी भांडी त्यांनी माझ्या दारात ठेवली आणि टॅक्सीत बसले.

पाच महिन्यांनी सईचा पुढचा रिपोर्ट आला. आकडे उतरले होते, वजन दोन किलो वाढलं होतं. वन-नॉर्थच्या स्टेशनवर उभ्या उभ्या मी चीफना रिपोर्टचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, "त्या दिवशी मी तुम्हाला बोलले ते फार वाईट बोलले. मला माफ करा." आणि काय सुचलं कोण जाणे, रविवारी मी भाजलेल्या ब्रेडचाही फोटो जोडला. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. मग उत्तर आलं.

"रिपोर्ट उत्तम. ब्रेड गॅस्केट."

माफीबद्दल एक अक्षर नव्हतं. मी तिथेच बाकावर बसले आणि ऑफिसला जाणाऱ्या माणसांसमोर खुशाल रडले.