दाढेची कळ

उदगीरच्या माझ्या दवाखान्यात एक शेतकरी आजी आल्या. "डाक्टर साहेब, दाढ लई दुखायली." त्यांची बोटं मिश्रीनं काळी होती, आणि मिश्री दिसली की माझं डोकंच सटकतं. तोंड न बघताच मी त्यांना झापलं आणि दुखण्याची गोळी हातावर ठेवली.

गोळी टाकायला त्यांनी आ केला. तोंडात एकही दात नव्हता.

मी गोळी परत काढून घेतली. "कधी दुखतं?"

"चालताना दुखायचं, बसलं की थांबायचं. आज सकाळपासून थांबंनाच."

ईसीजीत हार्ट अटॅक दिसला; हृदयाची कळ जबड्यात येत होती. लातूरला न्यायची ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्यांचा हात धरून बसलो. माझाच हात थरथरत होता.

आजी हळूच म्हणाल्या, "सोडते मिसरी. पण असं रागानं थरथरू नका."