हलकी रायफल
परवा गॅरेज आवरताना एका जुन्या फडक्याला बंदुकीच्या तेलाचा वास आला आणि नोव्हाय गावाजवळचं ते बंदुकांचं दुकान आठवलं. नवऱ्याच्या बायपासला जेमतेम वर्ष झालं होतं, तरी ऑफिसच्या मित्रांबरोबर कोलोरॅडोच्या डोंगरात एल्क हरणाच्या शिकारीला त्याला जायचंच होतं. त्याने एक जड रायफल खांद्याला लावून पाहिली, मग कार्बन फायबरच्या नळीची एक हलकी रायफल. "हलकीचा धक्का जास्त बसतो, लांबचा नेम धरणं अवघड जातं," म्हातारा दुकानदार म्हणाला. नवरा पुन्हा जड रायफलकडे वळला, तसा मी हट्टच धरला, "अरे, चढावर एवढं ओझं घेऊन छातीत दुखलं तर? हलकीच घे." त्याने माझं ऐकलं. ऑक्टोबरात तो शिकारीहून परतला. जेवताना म्हणाला, "गोळी फार लांबून मारली गं. पायाला लागली. दोन दिवस रक्ताचा माग काढला, पण ते जनावर काही सापडलं नाही." मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं." "छे, ट्रिगर मी ओढला," असं म्हणून तो अर्ध्या ताटावरून उठला. त्यानंतर तो कधी गेला नाही. मित्र अजून दरवर्षी बोलावतात. तो फोनवर घरी काम असल्याचं कारण सांगतो, आणि मी शेजारी बसून ऐकते.