वर गेलेली मूठ

सोसायटीच्या लिफ्टला आज ग्रीस लावलंय. त्या वासासरशी मी वीस वर्षांपूर्वीच्या फरिदाबादच्या कारखान्यात, पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये पोचलो. मशिनांच्या धडधडीत तिथे बोलणं ऐकूच यायचं नाही, सगळं हातांनी सांगायचं. मूठ वर म्हणजे मशीन बंद.

त्या दुपारी मॅनेजरने एका कामगाराच्या कानाखाली सणसणीत वाजवली. सगळ्यांत जुने ऑपरेटर दयारामजी, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथला इंजिनियर. मी मान खाली घातली.

त्यांनी मूठ वर केली. सगळी मशिनं थांबली.

"साहब, अब तो बोलो."

माझी मान खालीच. मग कामगारांचे लोखंडी रॉड मॅनेजरवर चालले. त्याचं हाड मोडलं, ते त्या शांततेत स्पष्ट ऐकू आलं.

कोर्टात, त्या मारहाणीच्या खटल्यात, मला दयारामजींच्या मुठीबद्दल विचारलं. मी घडाघडा सांगितलं. माझ्या मानेबद्दल कुणी विचारलंच नाही.