जागा धरणारी पुस्तकं

माणिकप्पांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं तोंड दाबलं.

शिरूर अनंतपाळच्या एका सार्वजनिक वाचनालयात माझं व्याख्यान होतं. विषय, वाचनाची गोडी. मी जिना चढून दारात उभा राहिलो आणि माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे ज्या आवाजानं लातूरच्या गंजगोलाईत रिक्षा जागच्या जागी थांबतात त्या आवाजात, नमस्कार म्हणायला तोंड उघडलं. त्यातलं 'नम' तेवढं बाहेर पडलं. 'स्कार' एका रुंद तळहातात गेलं. तळहाताला खळीचा वास होता.

"साहेब," तळहाताचा मालक माझ्या कानात म्हणाला, "हळू. पोरं अभ्यास करलालेत."

हे माणिकप्पा. वाचनालयाचे ग्रंथपाल, शिपाई, आणि पुस्तकं चिकटवण्याच्या खळीचे एकमेव आचारी.

आत पाहिलं तर एक लांबलचक हॉल, खुर्चीला खुर्ची लागलेली आणि प्रत्येक खुर्चीत स्पर्धा परीक्षेचा एकेक उमेदवार मान खाली घालून बसलेला. व्याख्यान त्यांच्यासमोरच होतं, फक्त त्यांना ते ऐकू जाता कामा नये अशी अट होती. मी पाऊण तास कुजबुजलो. विनोदसुद्धा कुजबुजून केले. एकदा मला खोकला आला तेव्हा पहिल्या रांगेतल्या पोरानं माझ्याकडं असं पाहिलं की मी तो खोकला लातूरला परत येईपर्यंत आवरून धरला. टाळ्या वाजल्या त्या तळव्याला तळवा न लावता. पुष्पगुच्छाच्या प्लास्टिकचा आवाज होतो म्हणून तो मला रस्त्यावर नेऊन दिला. मी बोलत असतानाच माणिकप्पांनी फळ्यावरचं माझं नाव ओल्या फडक्यानं पुसून टाकलं, कारण खडू कोरड्या फडक्यानं पुसला की कुरकुरतो.

"भाषण लई चांगलं झालं," खाली आल्यावर ते म्हणाले. "कुणी उठलं न्हाई."

त्या दिवसापासून मी या माणसाच्या प्रेमात पडलो.

माणिकप्पांचं घराणं शेतीचं. भावांमध्ये हे मधले, आणि बैल यांना ओळख देत नसत. म्हणून वडिलांनी त्यांना ग्रंथपालाच्या प्रमाणपत्र परीक्षेला बसवलं. पुस्तक शिंग मारत नाही, एवढीच त्यामागची दृष्टी. पण माणिकप्पांनी पुस्तकांना बैलासारखंच जपलं. पोळ्याच्या दिवशी ते कपाटं पुसून वरच्या फळीला हळदकुंकू लावतात. फाटलेलं पान चिकटवलं की त्यावर तळहात ठेवून, दुखऱ्या गुडघ्यावर ठेवावा तसा, बराच वेळ बसतात. वाचतात मात्र पहिलं पान आणि शेवटचं पान. मी एकदा विचारलं, मधलं का नाही वाचत?

"मधलं वाचकासाठी सोडलंय," ते म्हणाले. "सगळं आपणच खायचं काय?"

अडचण अशी होती की मधलं खायला कोणी येत नव्हतं. पूर्वी निवृत्त मास्तर आणि गल्लीतल्या बायका कादंबऱ्या न्यायच्या. मास्तर आता मोबाईल पाहतात आणि बायका मास्तर काय पाहतात ते पाहतात. उरली ही अभ्यासाची पोरं. ती स्वतःची पुस्तकं पाठीवर घेऊन येत, वाचनालयाची खुर्ची, पंखा आणि थंड पाणी वापरत आणि निघून जात. हॉलच्या एका बाजूला माणिकप्पांची लोखंडी कपाटं उभी होती. त्यांच्याकडं पाठ करून बसायची पद्धत होती.

हे वाचनालयाचे अध्यक्ष दयानंदराव यांच्या लक्षात आलं. दयानंदराव वाईट माणूस नाही. त्यांना गावातून एक कलेक्टर निघालेला पाहायचा आहे, आणि तो निघाला की सत्काराला आपण अध्यक्ष असावं, एवढंच.

"अप्पा," ते एका सकाळी म्हणाले, "ही कपाटं किती जागा खाऊन राहिलेत बघा. एवढ्यात किती खुर्च्या बसत्याल."

"पुस्तकं हायेत तेच्यात."

"हायेत की. पण कॉम्प्युटरवर बघितलं मी. देवघेव शून्य. मागच्या साली एक पुस्तक गेलंय, तेबी तुम्ही बाइंडिंगला नेलंय."

"बाइंडिंगला गेलं म्हंजे बाहेर गेलंच की, मालक."

"तपासणीच्या अगोदर देवघेव दिसली तर कपाटं राहत्याल," दयानंदराव म्हणाले. "न्हाईतर मागच्या खोलीत."

मागची खोली मी पाहिली आहे. तिथं गणपतीचं मखर, जुना माईक आणि पाली असतात. माणिकप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांच्या पत्नी महानंदाताईंनी मला फोन केला, की साहेब, कपाटासाठी माणूस उपाशी राहतं का कुठं? मी म्हणालो, कपाटासाठी पहिल्यांदाच ऐकतोय.

आता मराठवाड्यातली एक रीत सांगतो. आमच्याकडं एसटी थांबायच्या आधी खिडकीतून रुमाल आत पडतो. रुमाल पडला की ती जागा धरली. रुमाल नसेल तर टोपी, टोपी नसेल तर पिशवी, आणि घाई असेल तर स्वतःचं पोरगं. रुमालावर बसायची हिंमत निजामाच्या काळापासून कुणी केलेली नाही. हाच कायदा पोरांनी वाचनालयात आणला. पहाटे दार उघडण्याआधी खिडकीच्या गजांतून रुमाल, पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या आत यायच्या. धरलेली खुर्ची दिवसभर धरलेली. धरणारा चहाला गेला, जेवायला गेला, झोपायला गेला तरी रुमाल अभ्यास करत बसे. एके दिवशी बजरंग नावाच्या पोलीस भरतीच्या पठ्ठ्यानं खुर्चीवर पायातली चप्पल ठेवली.

माणिकप्पांनी ती चप्पल दोन बोटांत धरून उचलली आणि पायरीवर नेऊन ठेवली. परत आले ते नियम घेऊनच. तो त्यांनी फळ्यावर लिहिला, ओल्या खडूनं. यापुढं जागा फक्त वाचनालयाच्या पुस्तकानं धरता येईल. पुस्तकावरचा क्यूआर कोड मोबाईलनं स्कॅन करून आपल्या नावावर घ्यायचं, खुर्चीवर ठेवायचं, जाताना परत करायचं. बाकी काही ठेवलं तर पायरीवर सापडेल.

आठवड्यात कपाटं अर्धी रिकामी झाली. देवघेव एवढी वाढली की कॉम्प्युटर दुपारी बसून जायचा.

पोरांनी पुस्तकांची पारखही लवकरच केली. कवितासंग्रह कुणी घेईना. तो पंख्याच्या वाऱ्यानं उडून खाली पडतो आणि जागा जाते. ललित लेखसंग्रहांचंही तेच, माझा एक त्यात होता. ऐतिहासिक कादंबरीला मागणी आली, कारण ती हलत नाही. विश्वकोशाच्या खंडांसाठी भांडणं होऊ लागली. पण सगळ्यांत मान होता तो विहिरींवरच्या एका जुन्या ग्रंथाला. विहीर कुठं खणावी, कशी बांधावी, पाण्याची शीर कशी ओळखावी, असा तो उखळाएवढा जाड ग्रंथ होता. तो रोज बजरंगच नेई, कारण तो उचलायला भरतीची तयारी लागे.

"वाचतो का रे काही त्यातलं?" मी विचारलं.

"न्हाई सर. पण जागा एक नंबर धरतंय."

मी माणिकप्पांना म्हणालो, अप्पा, ही काही खरी देवघेव नव्हे. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, पुस्तक बाहेर आलं, उजेडात बसलं, परत आलं. लग्नातबी आपण एवढंच करतो."

खरी पंचाईत पुढंच होती. ज्यांना खुर्ची मिळायची नाही ती पोरं भिंतीला टेकून उभी राहत, कुणी उठेल या आशेनं. वर्षाराणी ही त्यातलीच. जवळच्या गावाहून एसटीनं यायची, त्यामुळं कायम उशीर. ती बजरंगच्या खुर्चीशेजारी उभी राही. बजरंग मैदानावर पळायला गेलेला, खुर्चीत ग्रंथ बसलेला. उभ्या माणसानं किती वेळ भिंत पाहायची? एका दिवशी तिनं ग्रंथाचं मधलं पान उघडलं.

थोड्या दिवसांनी तिचे वडील शेषेराव वाचनालयात आले. पटका, हातात काठी, आणि आवाज माझ्यापेक्षा मोठा. माणिकप्पांचा तळहात पोचेपर्यंत बोलून झालं होतं.

"ग्रंथपाल कोन हाय? माझी पोरगी हितं वाचलालीय म्हणं."

हॉलमधल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. माणिकप्पांनी त्यांना बाहेर कठड्याशी नेलं.

"वाचनालय हाय, मालक," ते म्हणाले. "होतं कधीमधी."

"मी तिला तलाठी व्हायला धाडलं. घरी येऊन म्हणती, बाबा, आपली विहीर चुकीच्या जागी हाय."

"मग हाय का?"

शेषेरावांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "हाय. पण ते तिनं सांगायचं का?"

"कुणी सांगायचं?"

"कुणीच न्हाई. तीस वर्षं कुणी सांगितलं न्हाई, चाललंच होतं की."

शेवटी त्यांनी तो ग्रंथ बघायला मागितला, पोरीला नेमकं कशानं बिघडवलं ते बघावं म्हणून. बजरंग खुर्चीत नव्हता, पण ग्रंथ होता, म्हणजे खुर्ची धरलेली. तिथं बसता येत नव्हतं आणि ग्रंथ हलवला तर जागा जात होती. तेव्हा शेषेराव वाकून, काठी काखेत धरून, उभ्यानंच वाचू लागले. बायकोनं दिलेला डबा तसाच घरी परत गेला.

पण तक्रार अध्यक्षांपर्यंत पोचलीच. दयानंदरावांनी बैठक बोलावली. मुद्दा गंभीर होता. अभ्यासिकेत पोरं वाचतात अशी बोलवा झाली तर आईबाप पाठवणार नाहीत, आणि कलेक्टर निघायचा तो दुसऱ्या गावातून निघेल. नियम रद्द करून कपाटं हलवायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात नांदेडहून पत्र आलं. दोन जिल्ह्यांच्या ग्रंथपालांची कार्यशाळा आहे, विषय ग्रंथालयांतील नवे प्रवाह, आपली देवघेव विक्रमी असल्यानं आपल्या ग्रंथपालांनी येऊन उपक्रम सांगावा. दयानंदरावांनी त्याच दिवशी फ्लेक्स लावला. त्यात दयानंदरावांचा फोटो मोठा होता, माणिकप्पांचा तिकिटाएवढा. पुस्तक कुठंच नव्हतं.

मी सोबतीला गेलो. कार्यशाळेत विनीता नावाच्या प्राध्यापिकाबाईंनी कृत्रिम बुद्धिमत्ता वाचकाला कशी उत्तरं देईल आणि यंत्रमानव कपाटातून पुस्तक कसं काढून देईल, ते पडद्यावर दाखवलं. माणिकप्पांनी एकच शंका विचारली, की तो धूळ पुसंल का. मग त्यांचा नंबर आला.

"आमच्याकडं पुस्तक ठेवल्याबिगर खुर्ची मिळत न्हाई," ते म्हणाले आणि खाली उतरू लागले.

"थांबा, थांबा," विनीताबाई म्हणाल्या. "पण मुलं ती पुस्तकं वाचतात का?"

"ज्याला खुर्ची मिळते ते वाचत न्हाई, बाई. ज्याला मिळत न्हाई ते वाचते."

विनीताबाईंनी हे लिहून घेतलं आणि सायंकाळपर्यंत त्याला 'आसनाधारित ग्रंथोपयोग प्रारूप' असं नाव दिलं. माणिकप्पांना शाल मिळाली. ती त्यांनी घडी करून, मधे पुठ्ठा घालून पिशवीत ठेवली.

कार्यशाळेत पडदा लावायला आलेली अभियांत्रिकीची दोन-तीन पोरं होती. माणिकप्पांचं बोलणं त्यांनी फार मनावर घेतलं. संध्याकाळी ती आम्हाला विष्णुपुरीचं धरण दाखवायला घेऊन गेली. माणिकप्पा कठड्याला धरून पाण्याकडं पाहत होते आणि ती पोरं म्हणत होती, काका, तुमच्याकडची खरी समस्या आम्हाला कळली. खुर्च्यांचं नियोजन नाही. आम्ही तुम्हाला ॲप करून देतो, फुकट. घरबसल्या जागा धरता येईल. दर तासाला आपोआप मोकळी होईल. कुणाला उभं राहावं लागणार नाही.

"कुणालाच न्हाई?" माणिकप्पांनी विचारलं.

"कुणालाच नाही," ती पोरं म्हणाली.

पोरं शब्दाची पक्की निघाली. ॲप महिन्याभरात आलं आणि उत्तम चाललं. वर्षाराणीला एसटीत बसल्या बसल्या खुर्ची मिळू लागली. जागा धरायला पुस्तक आता कुणालाच लागेना. तपासणीला अधिकारी आले तेव्हा त्यांनी ॲपचं कौतुक केलं, आणि कॉम्प्युटरवर त्या महिन्याची देवघेव पाहून वही मिटली.

कपाटं दिवाळीच्या आधी मागच्या खोलीत गेली. माणिकप्पा मे महिन्यात निवृत्त झाले, पण त्या खोलीची किल्ली त्यांच्याकडंच राहिली आहे. बाजाराच्या दिवशी शेषेराव येतात, माणिकप्पा कुलूप काढतात, आणि शेषेराव विहिरींचा ग्रंथ जिथं राहिला होता तिथून पुढं वाचतात.

खोलीत खुर्ची नाही.