त्यांच्या डोळ्यांसाठी शिकलेले शब्द

आमच्या संस्थानात नवे महाराज गादीवर येऊन थोडीच वर्षं झाली होती. मंगळवार पेठेत आमचं सुताराचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. मालकांच्या, म्हणजे माझ्या घरधन्यांच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि आखलेली खूण त्यांना दिसेनाशी झाली. हात पूर्वीसारखाच चालायचा, पण करवत कुठं लावायची ते कळायचं नाही. एके दुपारी त्यांनी हाक मारली, "अगं, चुलीवरचं उतरव आणि हिकडं ये. ह्या फळीची रेष कुठल्या अंगाला जातीया बघ."

मला रेष म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा हात धरून फळीवरून फिरवला. एका बाजूनं बोट सरळ घसरलं, उलट फिरवल्यावर कुसळं टोचली.

"ही रेष. रंधा हिच्यासंगं मारायचा. उलटा मारला की लाकूड उपटतंय."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ते माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते. मग रोजच बोलू लागले. कोपरा सरळ आहे का ते बघायला गुण्या कसा लावायचा, ते शिकवलं. एका लाकडाचं टोक कोरून दुसऱ्याच्या खाचेत बसवतात, ते टोक म्हणजे कुसू. फळी सपाटीवर ठेवल्यावर एक कोपरा अधांतरी राहिला, तर तिला पीळ आहे म्हणायचं.

"म्हंजे तुमच्या थोरल्या बहिणीगत," मी म्हणाले. हसता हसता त्यांना रंधा खाली ठेवावा लागला.

बाई लाकूड आखते, अशी कुजबूज पेठेत सुरू झाली आणि गिऱ्हाइकं कमी झाली. शेजारच्या गल्लीतल्या एका मुसलमान गृहस्थांनी आमच्याकडं दाराची चौकट सांगितली होती. ते आले, उंबऱ्यात उभं राहून बराच वेळ बघत राहिले. मी पदर सावरून उठू लागले.

"बसा की वैनी," ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्या दाराचं माप तुमीच घ्या."

पुढं काम पुन्हा येऊ लागलं. ती वर्षं आमची खरी संसाराची.

एका थंडीत तापाचं निमित्त झालं आणि मालक गेले. आम्हाला मूल नव्हतं. दिरांनी हत्यारं आणि मला कोडोलीला त्यांच्या घरी नेलं. तिथं पोटाला होतं, मान होता. दुपारच्या वेळी मात्र हात रिकामे राहायचे. एकदा धीर करून म्हणाले, "भाऊजी, मला एक फळी आखू द्या की."

"आता कशाला तरास, वैनी? बसा निवांत," ते मायेनं म्हणाले.

मी सोप्यात जाऊन बसले. अंगणात दिरांच्या पोरांनी रंधा सुरू केला. डोळे मिटून मी मालकांचा आवाज आठवू लागले. शब्द सगळे आठवले. आवाज काही त्या दिवशी आला नाही.