प्लग काढलेला टीव्ही

मंडळी, आज आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या घरात टीव्हीचा आवाज राहिला आणि चित्र गेलं.

मुलगा सुनील मोबाईलवर व्हिडिओ बघून लगेच इंजिनिअर झाला. पडदे ओढून काळ्या स्क्रीनवर टॉर्च मारला. "आई, बघ. चित्र आत आहे, फक्त मागचे लाईट गेलेत. मीच खोलतो."

टॉर्चच्या गोलात एका बाईचा राखाडी चेहरा, ओठ हलत होते. टॉर्च सरकला की ती अंधारात गडप, पण बोलतच होती.

"मेकॅनिकला बोलाव."

"अगं यार आई, प्लग काढूनच खोलणार ना!"

"तुझ्या बापानेही काढला होता."

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचे हे जुना टीव्ही खोलताना शॉक लागून गेले, एवढंच सुनीलला माहीत होतं. प्लग काढल्यावरही आत करंट साठून होता, हे आज पहिल्यांदा सांगितलं. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

मेकॅनिक उद्या येणार. प्लग मी स्वतः काढलाय, तरी टीव्हीकडे पाठ करून बसवत नाही.

सुनील म्हणतो, नव्या टीव्हीत एवढं नसतं. नसेलही. तुम्ही पोराला हात घालू दिला असता?