उघड्या दाराचं कुलूप

वर्णन: पुरुष, वय सत्तरीच्या पुढे, धंदा कुलपांचा. वर्तन चांगले. बसवून दिलेल्या कुलपांबाबत तक्रार नाही, मुलाबाबत आहे. दोन्ही गुडघे निकामी असून सदर इसम काठीशिवाय उंबरठा ओलांडू शकत नाही.

तक्रार अशी, की बापानं बसवलेली कुलपं धाकटा उघडायचा. हात बापाचाच, तार आत सरकवली की खटका कुठे अडतो ते त्याला बोटांनी दिसे. शेवटी एका घरात म्हातारी आडवी आली. त्यानं ढकललं, ती उठली नाही. कोर्टात बापानं साक्ष दिली, तीही खरी. पिंजऱ्यातून पोरगा म्हणाला, "सुटलो की पहिलं दार तुमचं."

या हिवाळ्यात तो सुटला. गल्लीनं दारांना दुहेरी कड्या ठोकून घेतल्या, अर्थात म्हाताऱ्याकडूनच. धंदा असा कधी चालला नव्हता. स्वतःच्या दाराला किल्ली लावणं मात्र म्हाताऱ्यानं त्याच दिवशी सोडलं.

शेजारच्या शिंप्यानं त्याला चर्चच्या पायरीवर गाठलं. "मामा, मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकामागे गेला, हे पाळकांना सांगायला ठीक आहे. आम्ही त्या नव्व्याण्णवांतले. आणि तुमचं ते एक चावतं."

"चावतं म्हणून काय हरवलेलं नसतं?"

"तुमच्या नरडीशी येईल तेव्हा कळेल."

"येऊ दे की. येण्याचीच तर वाट बघतोय."

घरी बायकोनं तेच वेगळ्या शब्दांत विचारलं. "अहो, त्याच्या हातात काही असलं तर?"

"असणारच. रिकाम्या हातानं आपल्या घराण्यात कुणी दाराशी गेलंय का?"

ती हसली नाही. तिनं भाकरी मात्र तिघांच्या केल्या, रोजच्यासारख्या.

दिवेलागणीला गल्लीतलं कुत्रं भुंकता भुंकता मध्येच गप्प झालं. भिंतीला लोखंड घासत कुणीतरी आलं आणि दाराशी थांबलं. म्हातारा दारासमोरच खुर्चीत बसला होता. कुलपात तार शिरली.

नुसतं ढकललं असतं तरी दार उघडलं असतं. पण हे दार किल्लीवाचून राहिलेलं त्या पोरानं जन्मात पाहिलं नव्हतं. बापाच्या दाराची मूठ आधी फिरवून बघावी, हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. तार सफाईनं फिरली. म्हाताऱ्याची बोटं मांडीवर तिच्याबरोबर हलत होती. खट्. खटका बाहेर आला आणि चौकटीत जाऊन बसला.

मग मूठ फिरली. दार हललं नाही. पुन्हा फिरली.

"एवढं पक्कं?" बाहेरून आवाज आला. "बरं."

लोखंड भिंतीला घासत दूर जाऊ लागलं.

"लागलं हो," बायको पुटपुटली. तिचा श्वास आत्ता कुठे सुटला होता. "त्यानंच लावून घेतलं. गेला. बसा तुम्ही."

"अगं, त्याला वाटलं, आपण लावलंय."

"वाटू दे! जीव वाचला."

"कुणाचा?"

किल्ली फिरली. दार सताड उघडं पडलं आणि गार वाऱ्यानं दिवा विझला. "धाकट्या! अरे, उघडंच होतं रे!" गल्लीच्या टोकाशी लोखंडाचा आवाज थांबला. हाक मात्र पुढे पुढे जात राहिली.

बायकोनं चाचपडत दिवा लावला. काठी खुर्चीला टेकलेली होती.